चन्नप्पाची माती

"काड मग," भागम्मा म्हणाली. "माज्या डोळ्यांदेखत काड."

चन्नप्पाचा हात गळ्याशी गेला आणि तिथंच थबकला. गावातल्या निम्म्या विहिरींवरच्या मोटारी खोलणारा हा मेकॅनिक, नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखायचा. पण तो पाळण्यात असताना स्वामींनी बांधलेलं लिंग बेचाळीस वर्षांत कधी गळ्यातून उतरलं नव्हतं, आणि आता ती दोरी सोडायला बोटं धजत नव्हती. रविवारी चुडाव्याला त्याचा बाप्तिस्मा होता.

"आपल्या देवापाशी माफी न्हाई का रे?" आईनं विचारलं.

"आसंल, माय. पर मी मागायलाच गेलो न्हाई."

तिला सगळं ठाऊक होतं, तरी त्यानं पुन्हा सांगितलं. सात वर्षांपूर्वी, नामांतराच्या दंगलीत, चार पोरं त्याच्या दुकानातून रॉकेलचा डबा घेऊन गेली. कशाला, हे त्यानं विचारलं नाही, कारण त्याला ते कळलं होतं. तासाभरात दलित वस्तीतली सात घरं पेटली. पोरांनी डबा परत आणून जागच्या जागी ठेवला, वर "येतो, मामा" म्हणून गेली.

तेव्हापासून त्याच्या जिवाला चैन नव्हतं. भरल्या ताटावरून उठायचा, मोटार अर्धी खोलून बांधावर फेऱ्या मारत सुटायचा. ज्याला म्हणून सांगितलं, तो म्हणे, झालं गेलं सोडून दे. एकटा चुडाव्याचा ख्रिस्ती प्रार्थनावाला पंडितमास्तर म्हणाला, "माफी हाय. पर आदी त्यांच्या दारात जाऊन सांग. मी येतो संगं."

गेल्या महिन्यात दोघं गेले. सात दारांत चन्नप्पा हात जोडून उभा राहिला. कुणी शिव्या घातल्या, एक म्हातारी पायाशी थुंकली, एकानं दारच लावून घेतलं. मास्तर शेवटपर्यंत शेजारून हलला नाही. ज्या देवाचा माणूस असा उभा राहतो, त्या देवाचं होऊन राहायचं, असं चन्नप्पानं सातव्या दारात ठरवलं.

भागम्मा सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "तिथं जाऊन आलास, चांगलं केलास. पर लिंग उतरलं म्हंजी मानूस मेला. मेलेल्याला माती द्यावी लागतीय. घे टिकाव."

शेताच्या कोपऱ्यात बापाची समाधी होती. लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. समाधीशेजारची जागा दाखवून भागम्मा म्हणाली, "मानूस बसंल एवडा खांद."

वैशाखातली काळी जमीन दगडासारखी झाली होती. चन्नप्पा उन्हं डोक्यावर येईस्तोवर खांदत राहिला. मग वर येऊन त्यानं दोरी सोडली. आईनं पदर पसरून लिंग झेललं, त्याला भस्म लावलं, बेलाचं पान वाहिलं. खड्ड्यात ते तिला स्वतः ठेवायचं होतं, म्हणून त्यानं तिला कमरेला धरून खाली उतरवलं आणि ठेवून झाल्यावर वर घेतलं.

आणि भागम्मानं हंबरडा फोडला. "माजा चन्नप्पा गेला गं बाई!"

असल्या वेळी म्हातारीला सावरायचं काम लेकाचं. चन्नप्पा दोन पावलं पुढं झाला. तिनं हातानंच त्याला थांबवलं. मग त्यानं फावडं उचललं आणि भरल्या डोळ्यांनी स्वतःची माती स्वतःच लोटली.

खड्डा बुजला तेव्हा त्याच्या घशाला कोरड पडली होती. आईजवळ पाण्याचा तांब्या होता. त्यानं सवयीनं हात पुढं केला.

"ओंजळ धर," ती म्हणाली.

त्या सात घरांतली माणसं त्याच्या ओट्याखाली अशीच वाकून पाणी प्यायची, आणि वरून ओतणारा तो असायचा. तो वाकला. दोन्ही हात जोडून त्यानं तोंडाशी धरले.

भागम्मानं वरून धार धरली. तांब्याचा काठ त्याच्या बोटांना लागू नये म्हणून ती तांब्या इतका उंच धरत होती, की निम्मं पाणी त्याच्या कोपरांवरून मातीत चाललं होतं.

"पुरं का, लेकरा?" तिनं विचारलं.

"आजून वत, माय," चन्नप्पा म्हणाला.

तांब्या रिता होईपर्यंत ती ओतत राहिली.