रंगाची अ‍ॅलर्जी

“हात वर घ्या ना वहिनी! कात्री काय शंभर किलोची आहे?”

नणंद स्वतःच्या भरल्या पार्लरमध्ये बोलली. गिऱ्हाइकं हसली. वहिनीचा हात खांद्याच्या वर जाईना.

वर्षभर हेच चाललं होतं. पापण्या जांभळ्या, बोटांच्या पेरांवर लाल चट्टे. पार्लरमध्ये अशा हातांचं एकच निदान असतं: केसांचा रंग बाधला. वहिनीनेही तेच धरलं. रंग बदलला, हातमोजे घातले. शेजारणींनी जांभळ्या पापण्या पाहून तिच्या नवऱ्याला गुन्हेगार ठरवलं. तो बिचारा जिन्यात मान खाली घालून चालायला लागला. त्वचेच्या डॉक्टरने बोटं पाहिली, मलम दिलं. हाडांच्या डॉक्टरने खांदे पाहिले, व्यायाम दिला. एकाने खांद्यांचं विचारलं नाही, दुसऱ्याने पापण्यांकडे पाहिलं नाही. बाई जणू तुकड्यातुकड्यांनी तपासून घ्यायला आली होती.

मग घास गिळताना अडकायला लागला.

तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला उताणं झोपवून मान उचलायला सांगितलं. मान उचलेना. मग त्यांनी पापण्या पाहिल्या, बोटं पाहिली, दंड दाबून पाहिले. रक्त आणि स्नायूचा तुकडा तपासून आल्यावर म्हणाल्या, “हे सगळं एकच आहे. डर्मॅटोमायोसायटिस. रोगजंतूंशी लढणारी शरीराची फौज तुमच्याच स्नायूंवर आणि कातडीवर उलटली आहे. आजार दुर्मीळ आहे. आधी कळलं असतं तर...”

“कळायला बघावं लागतं,” वहिनी म्हणाली. “वर्षभर सगळ्यांनी काय झक मारली?”

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. औषधं लिहून दिली.

औषधांनी चेहरा सुजला, पण घास उतरायला लागला. काही महिन्यांनी ती पार्लरमध्ये परतली, तर तिच्या खुर्चीमागे नवीन मुलगी उभी.

“तुम्ही आता नुसते गिऱ्हाइकांचे फोन घ्या,” नणंद म्हणाली. “गिऱ्हाइकं बिचकतात हो.”

“कोण बिचकतं? समोर आणा तिला. हा रोग कुणाला लागत नाही, ताई. आणि वर्षभर मला कामचुकार म्हणालात, त्याचं काय?”

“मला काय माहीत होतं?”

“माहीत नव्हतं, तर गप्प बसायचं!”

नणंद आरसा पुसायला लागली. स्वच्छच होता तो.

तेवढ्यात एक शिक्षिका आल्या. जुन्या गिऱ्हाईक. “मला वहिनींकडूनच कापायचेत,” त्या म्हणाल्या.

खुर्ची पार खाली घेतली, तरी कोपर वर उचलावं लागत होतं. शिक्षिका उठल्या. पायांची निगा करताना वापरतात ते बुटकं स्टूल त्यांनी ओढलं आणि त्यावर बसल्या. “आता तुम्ही बसा खुर्चीत.”

वहिनी मागे बसली. उजवी बाजू हनुवटीपर्यंत आली. नेटकी, एका रेषेत. डावीकडे कात्री लावली आणि हात शिक्षिकेच्या खांद्यावर पडला. पुन्हा उचलला. पुन्हा पडला.

“आज एवढंच,” वहिनी म्हणाली. आवाज चढलेलाच होता.

“मग उद्या येऊ?”

“परवा या. उद्या हात दुखेल.”

“थांबा बाई, मी दोन मिनिटांत करून देते,” नणंद पुढे झाली.

“नको,” शिक्षिका म्हणाल्या. मानेवरचे केस झटकले, आरशात एकदा पाहिलं आणि तशाच भर रस्त्यावर निघाल्या. एका बाजूचे केस हनुवटीला, दुसऱ्या बाजूचे खांद्यावर.