घरीच थांबलेले मेल

रुपराव गेले, त्या दिवशी त्यांचा घरचा कम्प्युटर सुरूच राहिला होता. तो त्यांच्या पत्नी इंदुताईंनी कोणाला बंद करू दिला नाही. इकडे त्यांच्या गांधीबागेतल्या धोतर-उपरण्यांच्या दुकानातल्या कम्प्युटरवर महिनाभर एकही मेल आला नाही. माणसामागं गिऱ्हाईकही गेलं, असं समजून इंदुताईंनी दुकान विकायचं ठरवलं. रडूही येत नव्हतं.

पुतणी अपेक्षा घरी आली, तिनं कम्प्युटर पाहिला अन् कपाळावर हात मारला.

"काकू, हा सगळे मेल आधी ओढून घेऊन राहिला, अन् दुकानासाठी मागं काही ठेवतच नाही! दुकानात काय येईन, माती? काका दुकानात निघताना बंद करत होते, म्हणून जमत होतं."

"मग आता बंद करतं काय वं?"

"नाही. दोन्हीकडे दिसतील असं करून देते."

त्रेसष्ट मेल साचले होते. उमरेडच्या कीर्तन मंडळाला सप्ताहासाठी चाळीस उपरणी हवी होती. त्यांचाच दुसरा मेल होता, "रुपरावजी, उत्तर नाही. आमचं काही चुकलं काय?"

इंदुताईंनी एका बोटानं उत्तर लिहिलं, "तुमचं काही चुकलं नाही. रुपराव वारले. उपरणी परवा पाठवते."