आठातला हरवलेला खिळा

या मित्रांनो, जरा जवळ सरका. माझा आवाज बारीक आहे, पण गोष्ट जीव टांगणीला लावणारी आहे. ऐकता ऐकता तुम्ही तुमच्याच छातीच्या आत एक फेरी मारून याल, एवढे नक्की.

मी एक जुना खिळा आहे. उंची तुमच्या नखाएवढी, डोके चपटे, टोक सुईसारखे. कारखान्यात तारेचा तुकडा तोडून मला घडवले आणि हजारभर भावंडांसोबत पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून एका दुकानात पाठवले.

तिथे एक कारागीर जुन्या खुर्च्या नव्या कापडाने मढवून देत. गिऱ्हाइके त्यांना मुके काका म्हणत. काका मुके नव्हते हो. पण एका हाताने कापड ताणायचे, दुसऱ्या हाताने हातोडी चालवायची, मग खिळे धरायचे कुठे? तोंडात. मोजून आठ खिळे ते ओठांआड ठेवत, जिभेने एकेक पुढे आणत आणि चुंबकाच्या हातोडीला तिथूनच चिकटवत. आठ संपेपर्यंत 'हं' यापलीकडे शब्द नाही. चाळीस वर्षांत एकही खिळा हरवला नव्हता. लोक कौतुकाने बघत उभे राहत. शेजारी काकू शिलाई मशीनवर खोळी शिवत आणि दोघांच्या वाट्याचे बोलणे एकट्या बोलत.

एका सकाळी मी त्या आठांत होतो. समोर एका वजनदार गृहस्थांची खुर्ची होती, तिच्या बैठकीला आठच खिळे लागणार होते. आपण तिच्यात फारसे बसतच नाही, ती आपोआप फाटली, असे ते सांगून गेले. काका निमूटपणे ठोकत राहिले. सात खिळे बसले, जिभेवर मी एकटा उरलो. तेवढ्यात काकू मान वर न करता म्हणाल्या, "आपोआप नाही हो. तिनं राजीनामा दिला."

काकांना हसू फुटले. हसण्याआधी माणूस छातीभर हवा आत ओढतो, मित्रांनो. त्या हवेबरोबर मी गेलो.

घशात दोन वाटा आहेत. मागची अन्नाची, पुढची श्वासाची. श्वासाच्या वाटेवर एक इवलेसे झाकण आहे. घास गिळताना ते मिटते, श्वास घेताना उघडे राहते. जन्मभर त्या बिचाऱ्याने घासामागून घास योग्य वाटेला लावले होते. पण काकांनी मला गिळले नव्हते, श्वासासोबत ओढले होते. झाकण उघडेच होते. त्याला दोष कसा द्यावा?

खाली स्वरयंत्र होते. ज्या दोन पट्ट्या थरथरल्या की काकांचा 'हं' उमटे, त्यांच्याच फटीतून मी निसटलो आणि श्वासनलिकेत पडलो. तिला कूर्चेच्या कड्या आहेत, म्हणून ती चेपत नाही. इतक्यात छातीखालचा पडदा, ज्याला श्वासपटल म्हणतात, आणि पोटाचे, बरगड्यांचे स्नायू एकदम आवळले. असे वादळ मी पाहिले नव्हते. काका खोकत होते, चेहरा काळानिळा झाला होता, काकू पाठीवर थापा मारत होत्या. मी वर फेकला गेलो, पुन्हा खाली आलो. पुढे नळीला दोन फाटे फुटतात. उजवा जास्त रुंद आणि सरळ. मी उजवीकडे घसरलो आणि खोल जाऊन रुतलो. डोके खाली, टोक वर.

खोकला थांबला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तिथेच घात झाला.

काका म्हणाले, पोटात गेला, जाईल आपोआप. त्या 'आपोआप'वर काकू हसल्या नाहीत. दोन दिवसांनी डॉक्टरांनी पोटाचा फोटो काढला. त्यात मी नव्हतो. निघून गेला असेल, असे ठरले.

मी मात्र जागच्या जागी होतो. माझ्यापलीकडे नळ्या केसासारख्या बारीक होत जातात आणि टोकाला वायुकोशांचे घोस लागतात. त्यांची भिंत इतकी पातळ की पलीकडच्या रक्ताला त्यातून प्राणवायू मिळतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड परत येतो. देवाने एका छातीत असे कोट्यवधी फुगे बसवले आहेत, आणि त्यांतल्या कितीकांचे दार मी, एक क्षुद्र खिळा, अडवून बसलो होतो. नळीच्या भिंतीवर सूक्ष्म लव असते. ती धूळ आणि कफ वर ढकलत राहते. तिने मलाही ढकलून पाहिले. क्षणाची विश्रांती न घेता तिने ते केले, पण माझे वजन तिला पेलेना. मागे कफ साचला, जंतू माजले, मला गंज चढला.

तिसऱ्या आठवड्यात काकांना ताप भरला. दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना ते दोनदा थांबले. सर्दी आहे म्हणून औषध मिळाले, गुण आला नाही.

मग काकूंनी ती चुंबकाची हातोडी दोरीला बांधली आणि दुकानाची फरशी कोपरान् कोपरा पिंजून काढली. टाचण्या मिळाल्या, कात्रीचा हरवलेला स्क्रू मिळाला. मी नाही. त्यांनी तयार खुर्चीचे कापड उसवले, आतला काथ्या चाचपला, खिळे उपसून मोजले. सातच. ते सात मुठीत घेऊन त्या दवाखान्यात गेल्या आणि टेबलावर ओतले.

"जमिनीवर नाही, खुर्चीत नाही, तुम्ही म्हणता पोटात नाही," त्या म्हणाल्या. "मग आठवा आहे कुठे? पोटाचा बघितलात, छातीचा फोटो कुणी काढला?"

डॉक्टरांनी काकांना बोलावून घेतले. त्यांनी काकांच्या पाठीला तपासायची नळी लावली. डावीकडे श्वासाची सळसळ होती. उजवीकडे खाली शांतता होती. छातीच्या फोटोत मी स्पष्ट दिसलो.

मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी काहीच लपवले नाही. टोक वर आहे, ओढताना नळी फाटू शकते, स्वरयंत्रापाशी खिळा सुटला तर श्वास कोंडेल. काकू एवढेच म्हणाल्या, "हसवलं मी. काढा तेवढा."

काकांना झोपेचे औषध दिले. घशातून आत सोडलेल्या दुर्बिणीचा उजेड माझ्यापर्यंत आला. चिमटा एकदा निसटला आणि माझे टोक भिंतीला लागून रक्ताचा ठिपका उमटला. मी ते फुगे घडवणाऱ्या देवाला विनवले, हवे तर मला जन्मभर कुणाच्या कामी आणू नकोस, पण आज या माणसाला इजा होऊ देऊ नकोस. दुसऱ्यांदा चिमट्याने माझे टोकच पकडले आणि दुर्बिणीच्या नळीत ओढून झाकले. आम्ही वर निघालो. स्वरयंत्राच्या पट्ट्यांपाशी बाई थांबल्या. काकांनी श्वास आत घेतला, पट्ट्या उघडल्या आणि मी बाहेर आलो.

आता मी दुकानाच्या फळीवर एका काचेच्या बाटलीत असतो. काका खिळे चुंबकाच्या ताटलीत ठेवतात आणि दिवसभर बोलतात. मुके होते तेच बरे होते, असे काकू म्हणतात. पण एखादा विनोद सुचला की त्या आधी मशीन थांबवतात. "अहो, तोंड दाखवा," म्हणतात. काका लहान मुलासारखा आ करतात. रिकामे आहे याची खात्री झाल्यावरच विनोद येतो, आणि काका उजव्या फुप्फुसाच्या तळापासून हसतात.

मित्रांनो, तोंडात टाचणी धराल, पेनाचे टोपण चावाल किंवा घास तोंडात असताना हसाल, तेव्हा मुठीत सात खिळे घेऊन गेलेल्या आमच्या काकूंची आठवण ठेवा.