थोडा वेळ निजली आहे

टाकीवाल्याने शेवटच्या अक्षरातली भुकटी फुंकून काढली, दोन पावलं मागे सरकून दगडाकडे पाहिलं आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने शिवी दिली.

अक्षर सुरेख आलं होतं. तीच तर पंचाईत होती. काळ्या दगडावर बायकोचं नाव, दोन तारखा आणि खाली ‘येथे चिरनिद्रा घेत आहे’. मन कुठेतरी भटकत होतं आणि हात आपले रोजच्या रस्त्याने चालून आले होते. चाळीस वर्षं थडग्यांचे दगड कोरणाऱ्या हातांना दुसरं येणार तरी काय?

टाकी म्हणजे त्याचं कोरायचं हत्यार. नव्याने राहायला आलेली माणसं मात्र त्याला पाण्याची गळकी टाकी बघायला बोलवत. दोनदा तो जाऊन दुरुस्त करूनही आला होता.

बायको शाळेत भाषा शिकवायची. नवऱ्यासकट सगळे तिला बाईच म्हणत. त्याचं अक्षर देखणं, पण शुद्धलेखनाशी हाडवैर. म्हणून मजकूर आधी खडूने दगडावर काढायचा आणि बाईंनी तो शेवटच्या शब्दापासून उलटा वाचायचा, अशी पद्धत होती. “सरळ वाचलं की डोळा थापा मारतो,” असं बाई म्हणत. त्यांच्यामुळे अख्ख्या दफनभूमीत एकही मयत चुकीच्या वेलांटीखाली पडलेलं नव्हतं.

भांडण फक्त त्या एका शब्दावरून.

“अहो, चिर म्हणजे कायमची. आपली माणसं शेवटच्या दिवशी थडग्यातून उठणार आहेत ना? मग निद्रा कायमची कशी? एक तर हा शब्द खोटा, नाहीतर आपण दर रविवारी म्हणतो ते तरी खोटं.”

“गिऱ्हाईक सांगेल ते मी कोरतो. तुला व्याकरण हवंय, त्यांना दगड हवाय.”

रविवारी उपासनेला तो ख्रिस्ती देवळात जाई, पण सासुरवाडीला गेल्यासारखा. दाढी करून, मागच्या बाकावर, कधी सुटतोय याची वाट बघत.

बाई अंथरुणाला खिळल्यावर तो मजकूर कागदावर नेऊन दाखवू लागला. एके दिवशी तयार झालेला दगड तडकला होता, डोकं तापलेलं होतं, आणि बाईंनी पुन्हा ‘चिर’भोवती गोल केला. “तू मेलीस की तुझ्या दगडावर कोरीन हवं ते!” तो ओरडला. बाईंनी चष्मा काढून उशाशी ठेवला. “लक्षात ठेवा म्हणजे झालं,” एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर बाई एकोणीस दिवस जगल्या. औषधांवर बोलणं झालं, उशीच्या अभ्र्यावर झालं. ते वाक्य परत घ्यायचं तेवढं राहून गेलं.

आणि आता हा दगड.

“वा, दाजी!” मेहुणा आत येत म्हणाला. बाईंचा धाकटा भाऊ, दफनभूमी समितीचा सचिव. “देखणं झालंय हो.”

“चुकलंय. चिर नको होतं.”

“अख्खी दफनभूमी चिरनिद्रेत आहे. ताईनेच एकटीने काय घोडं मारलंय?”

“ती उठणार आहे.”

मेहुणा हसला. “दाजी, तुम्ही प्रवचनात घोरता. तुमचा कधीपासून विश्वास बसला?”

प्रश्न बिनतोड होता. टाकीवाल्याने हातोडा खाली ठेवला. कोणी उठणारच नसेल तर चिर काय आणि अचिर काय, सगळं सारखंच. मग त्या दोन अक्षरांचा त्याला एवढा संताप का यावा? ज्याच्या घरात काहीच नाही तो चोरीची फिर्याद कशाला देईल? आपल्याकडे काहीतरी आहे, हे त्याला असं रागावल्यावर कळलं. बाईंना समजलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, तुमचं सगळं उलटंच.

चार दिवस घासून त्याने तो दगड पुन्हा कोरा केला. बोटांची सालं निघाली. नवा मजकूर खडूने काढून शेवटापासून वाचला: आहे, निजली, वेळ, थोडा. मग कोरला.

दगडाला परवानगी द्यायला समिती देवळामागच्या खोलीत बसली. देवळाचे धर्मगुरू पाळकसाहेब, मेहुणा आणि तिसरे एक सभासद, ज्यांना ऐकू येत नसे आणि म्हणूनच ते सर्वांना चालत.

“मजकूर समितीच्या ठरलेल्या नमुन्यात बसत नाही,” मेहुणा म्हणाला. “‘थोडा वेळ निजली आहे’! ही काय दुकानाच्या दारावरची पाटी आहे? जेवायला गेलोय, येतो?”

“हो. तशीच आहे.”

“तुमच्या भावना समजतात,” पाळकसाहेब म्हणाले. “पण शब्दात काय एवढं? भाव महत्त्वाचा.”

“पाळकसाहेब, बाई उठणार की नाही?”

“आत्मिक अर्थाने पाहिलं तर...”

“अर्थ नको. हात, पाय, चष्मा.”

“चष्म्याचं सांगता येत नाही,” असं म्हणून पाळकसाहेबांनी स्वतःचा चष्मा पुसायला घेतला. पुसून झाला तरी पुसत राहिले. मग प्रवचनाचा आवाज बाजूला ठेवून हळूच म्हणाले, “उठणार.”

“मग थोडाच वेळ की!”

“पण दाजी, थोडा म्हणजे किती?”

“ते माझ्या हातात असतं तर आजच उठवली असती. मी तिला एक बोललोय, ते परत घ्यायचंय. ती उठणार नसेल तर ते कुणापुढे घेऊ? तुझ्या नमुन्यापुढे?”

ऐकू न येणारे सभासद जोरात मान हलवत होते.

तासाभराने ठराव झाला. दगड बसवण्यास हरकत नाही; मात्र इतर मयतांच्या नातेवाइकांचा गैरसमज होऊ नये म्हणून मजकुराची बाजू भिंतीकडे असावी. मेहुण्याने सही केली. पाळकसाहेबांनीही केली, पण मान वर न करता.

बाईंची कबर कडेलाच, मागच्या भिंतीला लागून होती. टाकीवाल्याने दगड ठरावाप्रमाणे उभा केला. जगाकडे कोरी पाठ, भिंतीकडे अक्षरं, मधे हातभर फट. तो आडवा होऊन फटीत शिरला, पाठ भिंतीला टेकवून खाली बसला. गुडघे दगडावर आपटले.

“बाई, ते बोललो ते चुकलं माझं,” तो म्हणाला.

काही झालं नाही. एक मुंगी वेलांटीत शिरली आणि बाहेर आली. चाळीस वर्षं एक दगड संपला की दुसरा घेतला होता, आणि प्रत्येक वेळी काहीतरी राहिलंय असं वाटून तो घरी गेला होता. आज काही राहिलं नव्हतं. एक बाई सोडून काही कमी नव्हतं, आणि बाई यायच्या होत्या. ठराव आठवून त्याचं तोंड मात्र अजून कडूच होतं.

दगडापलीकडे चपला वाजल्या. “दाजी? तिथे काय करताय?”

“बसलोय.”

चपला तिथेच घुटमळल्या. मग मेहुण्याचा आवाज आला, सचिवाचा नव्हे, भावाचा. “मी मावेन का तिथे?”

“पोट आत घे,” टाकीवाला म्हणाला आणि सरकला.