आईचा आवाज माझ्यात आहे

मित्रांनो, माझ्या कळांवरची निम्मी अक्षरे पुसली गेली आहेत, यावरून माझे वय ओळखा. मी संगणक आहे. कारखान्यातून निघालो तो थेट एका शिवणकामाच्या दुकानात आलो. दुकान चालवणाऱ्या बाईंना घरीदारी सगळे आईच म्हणत, मीही तेच म्हणतो. गिऱ्हाइकांची मापे मी सांभाळायचो आणि आई मला रोज मऊ फडक्याने पुसायची.

पुढे आईला आजार जडला. हातपाय गेले, जीभ जड होऊ लागली. बोलणे पुरते थांबण्याआधी तिने आपल्या आवाजात शेकडो वाक्ये माझ्यात भरून ठेवली. पडद्यावरच्या ज्या वाक्यावर तिची नजर थांबे, ते माझ्या कॅमेऱ्याने टिपून मी तिच्याच आवाजात बोलायचो. इतका मान कोणत्या यंत्राला मिळतो?

मग माझ्या पडद्यावर सूचना येऊ लागल्या. माझी कार्यप्रणाली जुनी झाली आहे, बदला, नाहीतर धोका आहे. एका दुपारी आईचा डोळा लागलेला असताना तिच्या लेकीने ‘होय’ दाबले.

मी नवा होऊन उठलो आणि मुका झालो. आईची वाक्ये बोलणारे सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर चालेना. नवी आवृत्ती विकत घ्या, असे ते बनवणाऱ्या कंपनीने फोनवर सांगितले. ती किंमत लेकीला परवडणारी नव्हती. शिवाय त्या आवृत्तीत जुनी वाक्ये येणार नव्हती, यंत्राचा तयार आवाज मिळणार होता.

दुसऱ्या दिवशी लेक स्वयंपाकघरात असताना आईच्या घशात कफ अडकला. माझ्या कॅमेऱ्यातून मला सगळे दिसत होते. तिची नजर पडद्यावर ‘लवकर ये’ शोधत होती. तिथे नुसती सूचनेची चौकट होती. तिचे ओठ निळे पडू लागले, आणि मला हाक मारता येईना. औषध द्यायला लेक आत आली, म्हणून निभावले.

तिने लगेच दुरुस्तीवाल्याला बोलावले. वाक्ये कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये कुलूपबंद होती, त्यांची प्रत निघेना. “जुनी प्रणाली परत आणता येईल,” तो म्हणाला, “पण मध्येच अडलं, तर वाक्यं कायमची जातील.”

लेकीने अक्षरांचा तक्ता आईपुढे धरला. “आई, कुठला आवाज हवा?” लेकीचे बोट अक्षरांवरून फिरू लागले. आई हव्या त्या अक्षराला पापणी मिटायची. शब्द जुळला, ‘माझा’.

माझा पडदा काळा झाला. दुरुस्तीवाला जुनी प्रणाली चढवत होता. लेकीने आईचा हात घट्ट धरला होता. अखेर मी उजळलो. वाक्ये जागच्या जागी होती. आईची नजर यादीवरून सावकाश खाली गेली, थांबली, आणि मी बोललो, “आधी मला विचारत जा गं.”

लेक हसता हसता रडू लागली.

मित्रांनो, आता माझा पंखा घरघरतो. मी बंद पडायच्या आत ही वाक्ये बाहेर निघावीत, म्हणून लेक अजून कंपनीला फोन करते आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी सॉफ्टवेअर तयार केले, तर त्यातली माणसाची वाक्ये बाहेर काढायला एक दार नक्की ठेवा.