पौर्णिमा कोणत्या गटातली

माह्या नवऱ्याले, देवमनले, जगात एकच गोष्ट सहन होत नाही, ती म्हणजे फूट. इंझोरीच्या अलीकडं आमचं गाव, बौद्धायची मूठभर घरं, अन् जयंतीची मंडळं दोन! एकाच दिवशी दोन मिरवणुका, दोन डीजे. देवमन जुन्या मंडळाचा. सख्खा भाऊ फुटून नव्या मंडळात गेला तं बुवानं त्याच्याशी बोलणंच टाकलं. पुतणीच्या लग्नात मांडवाबाहेर उभा राह्यला, फुलं टाकाले आत आला नाही. जो फुटला तो विकला गेला, हे त्याचं पक्कं.

आमची पोरगी पौर्णिमा नागपूरले शिकाले गेली अन् तिथूनच पूर्वेच्या जंगलात, बंदूकवाल्यायमंदी गेली. काहून गेली ते मले आजबी समजलं नाही. कैक वर्षं तिचं तोंड नाही पाह्यलं. यंदा होळीच्या सुमारास फोन आला.

"आई, आमच्यात दोन गट पडले. जुना म्हणते, लढत राहू. आमी फुटून निघालो, आमच्यावाले सरकारसंगं बोलून राह्यले. जुने आमाले गद्दार म्हणून शोधून शोधून मारून राह्यले. मले घरी याचं हाय."

सरकारचंबी तसंच ठरलेलं. बोलणीवाल्या गटाच्या माणसाले माफी अन् संरक्षण. जुन्या गटातल्याले काईच नाही, धरा अन् आत टाका. म्हणजे माह्या पोरीचा जीव एवढ्याच गोष्टीवर टांगलेला, ती कोणत्या गटातली. देवमनले मी हे चार वेळा समजावलं. त्यानं तोंड कडू केलं.

"माही पोरगी फुटली?" एवढंच म्हणे.

मंग एक दिवस पोलिसायचे मोठे साहेब घरी आले. आंगणात खुर्च्या टाकल्या, अर्धी वस्ती गोळा झाली, कुंपणापाशी देवमनचा भाऊबी येऊन उभा राह्यला. साहेब माणूस चांगला होता, उगाच खोटं काहून बोलू.

"पौर्णिमा येत असेल तर येऊ द्या," साहेब म्हणाले. "फक्त ती कोणत्या गटात आहे ते सांगा. दोन्ही गटांना एकाच तराजूत तोलायचं नाही, असं वरून ठरलंय."

मी चुलीपाशी चहा करत होती. देवमननं भावाकडं पाह्यलं, अन् छाती पुढं काढून बोलला, "साहेब, माही पोरगी जुन्या गटातली. फुटणाऱ्यायतली नाही. जो आपल्या माणसाचा झाला नाही, तो तुमचा काय होईन?"

मेल्याले वाटलं, फितूर पोरीले साहेब दारात उभी करणार नाही! चहा तसाच उतू जाऊ देला अन् मी बाहेर पळाली.

"अहो, काय बोलून राह्यले तुमी? साहेब, ती नव्या गटातली हाय! तिनंच मले फोनवर सांगतलं!"

साहेबानं मायेनंच समजावलं. "बाई, तुम्ही आई आहात. पण नव्या गटाचं नाव सांगून आत शिरणारे आम्हाला रोज भेटतात. बाप चारचौघांत, स्वतःहून जे बोलला, ते मी धरतो."

पौर्णिमाले परत फोन करावा तं तिच्याकडं फोनच नव्हता, दरवेळी ती कोण्या तिसऱ्याच नंबरावरून बोले. फोनवर ठरल्यापरमाणं ती आसेगावच्या थांब्यावर उतरली, अन् तिथं टपून बसलेल्या पोलिसायनं तिले धरली. मी नव्या गटातली, असं ती ओरडून ओरडून सांगत होती म्हणे, पण धरल्यावर सारेच तेच सांगतात. तिच्या पुढाऱ्यायले विचारा म्हटलं तं बोलणी फिसकटली, ते परत जंगलात गेले. तवा कुठं देवमनच्या डोक्यात उजेड पडला. साहेबाच्या दारात जाऊन रडला, "साहेब, मी खोटं बोललो, ती फुटलेलीच हाय." साहेब म्हणाले, "मग तेव्हाचं खरं मानू की आताचं?" आता ते कोर्टच ठरवीन, अन् कोर्टाची तारीख कवा लागते ते तुमाले माहीत हाय.

गेल्या हप्त्यात मी जेलात भेटाले गेली. देवमन नाही आला. कोणत्या तोंडानं येईन तो? जाळीच्या पलीकडं पौर्णिमा आली, डावा हात प्लास्टरात, व्हट फाटलेला.

"न्हाणीत पडली," म्हणे. शिपाईबाई जरा बाजूले झाली तशी जाळीले तोंड लावून बोलली, "आई, मले दुसऱ्या बराकीत टाकाले सांग. इथं साऱ्या जुन्या गटाच्या बाया हायेत. त्या मले जगू देत नाही."

माय वो! दोन गटायच्या मारामाऱ्या होते म्हणून जेलात बराकी वेगळ्या, अन् बापाच्या बोलण्यावरून माही पोरगी नेमकी त्यायच्यातच कोंडलेली. मी जेलरच्या पाया पडली. तो म्हणे, "तिच्या सुरक्षेसाठीच तिला तिच्या लोकांत ठेवलंय. कोर्टाचा आदेश आणा, बदलतो."

घरी आली तं देवमन उंबऱ्यावर बसलेला. दोन रोजापासून अन्नाले शिवला नव्हता. माह्या तोंडाकडं पाहून बोलला, "आत हाय तं हाय. पण तिथं जुन्यायचा हात तं तिच्यापोतर पोचत नाही नं?"

एवढा राग आला होता का वाटे, सारं त्याच्या तोंडावर फेकून मारावं. पण वकिलाच्या मांगं हिंडाले मले हाच एक माणूस उरला होता.

"नाही," म्हटलं. "तिथं कोण पोचते?"

त्यानं श्वास सोडला अन् भाकर मांगतली.