चवीवरून पारख

खडेरावांना दगड चाटायची सवय होती, आणि त्यांच्या बायकोला त्या सवयीची शिसारी होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती शिसारी तसूभरही कमी झाली नव्हती.

खडेराव हे नाव मित्रांनी पाडलेलं. लोक प्रवासाला गेले की चादरी आणतात, चपला आणतात. हा गृहस्थ पिशवीभर दगड घेऊन यायचा. समुद्रकाठचे, घाटातले, खाणीच्या तोंडाशी पडलेले. एक तर चक्क बसथांब्यामागून उचललेला, जिथं येणारा-जाणारा प्रत्येक जण आडोसा बघून उभा राहायचा. दगड हाती लागला की आधी त्यावरून जीभ फिरवायची, मग बाकीचं. ओला झाला की रंग खुलतो, खारट लागला तर क्षार, जिभेला चिकटला तर चिकणमाती, हे शास्त्र ते आल्यागेल्याला ऐकवत. पाहुणे माना डोलवत आणि आपला चहाचा कप हळूच लांब सरकवत.

बायको इस्पितळात नर्स. पू, रक्त, उलट्या, बेडपॅन, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. साबणानं हात धुतले की विषय संपला. पण नवऱ्याची ती करड्या धुळीनं माखलेली जीभ बाहेर आली की ती तोंड फिरवायची. आणि त्याच तोंडानं हा माणूस तिच्या उष्ट्या चमच्याला नाक मुरडायचा.

आता मात्र गोष्ट चमच्यावर थांबणारी नव्हती. तिच्या आईचं पित्ताशय काढलं होतं आणि म्हातारीला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. घरात एक जादा खोली होती. तिथं कपाटात दगड, टेबलावर दगड, पलंगावर वर्तमानपत्रं पसरून त्यावरही दगडच.

"आईला त्या खोलीत ठेवू या," ती म्हणाली.

"आणि माझे नमुने? हॉलमध्ये सोफा आहे की."

"अहो, तिला उठवत नाही अजून. सगळं जागेवर करावं लागतं. हॉलमध्ये, लोकांसमोर?"

"तेच म्हणतोय मी. तो वास, ती भांडी. तू नर्स आहेस, तुला सवय आहे. मला घाण वाटते, त्याला मी काय करू?"

तिनं पुष्कळ सांगून पाहिलं, शेवटी तर विनवणीसुद्धा केली. पण खडेराव ढिम्म हलले नाहीत. आई आली ती सोफ्यावरच.

खडेरावांनी लांबच्या खुर्चीतूनच "बरं आहे ना आता?" असं विचारलं आणि विचारता विचारता रुमाल नाकाला लावला. म्हातारीला दिसायला कमी असलं तरी तेवढं दिसलं. तिनं चादर गळ्यापर्यंत ओढली आणि लेकीला जवळ बोलावून कुजबुजत विचारलं, "माझ्या अंगाला वास येतो का गं?"

"नाही," लेक म्हणाली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण म्हातारीसमोर तमाशा नको म्हणून तिनं ती गिळली.

आईची पिशवी तिनं जेवणाच्या टेबलावर रिकामी केली. कपडे, चष्मा, औषधं आणि एक काचेची बाटली. त्या बाटलीचं आईला भारी कौतुक. शेजारपाजाऱ्यांपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवून झाली होती. लेकीनं ती तशीच टेबलावर ठेवली आणि कपडे भिजवायला न्हाणीघरात गेली.

परत आली तर खडेराव खिडकीपाशी. बाटली उघडी, चिमटीत एक पिवळट तपकिरी खडा, आणि चेहऱ्यावर सणाच्या दिवशीचा आनंद. जीभ बाहेर येत होती. "थांबा" म्हणायला तिला वेळ होता. ती बोलली नाही.

खडेरावांनी नुसती जीभ लावली नाही, तर खडा सरळ तोंडात टाकला आणि या गालातून त्या गालात घोळवला. मग तो तळहातावर काढून ते सासूबाईंकडे वळले.

"मेणचट आहे. किंचित कडवट. पैलू तर काय सुरेख पडलेत. आई, तुमच्याकडे नदीत सापडतात का हो असे?"

"नदीत कुठले, जावईबापू?" म्हातारी खुशीत म्हणाली. "माझ्या पोटातले आहेत ते. डॉक्टरांनी काढून हातात दिले."

पुढचा बराच वेळ घरात बेसिनचाच आवाज होता. ओकाऱ्या, चुळा, खाकरणं. खडेरावांनी जिभेवर ब्रश घासला, साबणसुद्धा लावला. मग तिथूनच ओरडले, "असली घाण घरात आणलीच कशी? आजच्या आज पोचव तिला तिच्या घरी!"

म्हातारीनं मुकाट्यानं चादरीची घडी घालायला घेतली. घडी जमेना.

बायकोला वाटलं होतं, आपल्याला हसू येईल. आलं नाही. बसथांब्यामागचा दगड मिटक्या मारत चाटणारा माणूस तिच्या आईच्या नावानं जीभ खरवडत होता, आणि तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं. ती बेसिनपाशी जाऊन उभी राहिली.

"मीपण त्याच पोटातून आलेय," ती म्हणाली.

खडेरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा तोंड पुसलं.

ती आत गेली. खोलीतले दगड परातीत भरून झोपायच्या खोलीत नेऊ लागली आणि डबलबेडवर एकेक करून मांडू लागली. खडेराव दारात येऊन बघत राहिले. ती मांडत होती ते सगळे तिच्या बाजूला. त्यांच्या बाजूची चादर तिनं जराही विस्कटू दिली नाही.

"अगं, हे इथं कशाला? मग तू कुठं झोपणार?"

"आईजवळ."

"आज?"

"आजपासून." तिनं शेवटचा दगड आपल्या उशीवर ठेवला आणि आईला उठवायला हॉलमध्ये गेली.